पाय ज्याचा, निवड त्याची : कामाच्या बुटाचा इतिहास आणि आपला हक्क

अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली आणि ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. त्या दुरुस्तीने अत्याचारांची यादी वाढवली. त्या यादीत एक बाब अशी आहे की, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला सार्वजनिक ठिकाणी पादत्राण घालण्यापासून अडवणे हा गुन्हा आहे. सायकल-मोटारसायकल चालवणे, नवे कपडे घालणे, लग्नाची वरात काढणे, घोड्यावर बसणे यांच्याच ओळीत पायातल्या वहाणेचा उल्लेख येतो.

मित्रांनो, कायद्यात एखादी गोष्ट उगाच लिहिली जात नाही. एकविसाव्या शतकाची पंधरा वर्षे उलटल्यावरही या देशाच्या संसदेला असे लिहून ठेवावे लागते, याचा अर्थ या देशात आजही कोणी तरी कोणाच्या तरी पायातली चप्पल काढायला लावतो आहे.

म्हणूनच, थंडीच्या दिवसांत कामासाठी टिकाऊ बूट कोणता घ्यावा, हा प्रश्न दिसतो तेवढा किरकोळ नाही. महापालिकेच्या पहाटपाळीला जाणारा सफाई कामगार, पौषात उसाच्या फडात उतरणारे कोयत्याचे जोडपे, शेतीपंपाची वीज रात्री येते म्हणून मध्यरात्री दारे धरणारा शेतमजूर, औद्योगिक वसाहतीतला कंत्राटी हेल्पर, भरतीची तयारी करणारा तरुण हे सगळे पायावर उभे राहून पोट भरतात. यातले बहुसंख्य कोण आहेत, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. त्यांच्या पायात काय असावे, हे आजवर कोणी ठरवले? या प्रश्नाचे उत्तर इतिहासात शोधले पाहिजे. कारण बूट निवडण्याचा अधिकार ज्याचा पाय त्याच्याकडे फार क्वचित होता.

शिवणारा अनवाणी

आपल्या गावगाड्यात चामड्याचे काम जातीजातींत वाटून दिलेले होते. प्रदेशानुसार थोडाफार फरक असे, पण साधारण चित्र असे होते : मेलेले जनावर महाराने ओढायचे, कातडी ढोराने कमवायची, जोडे आणि वहाणा चांभाराने शिवायच्या, दोर आणि वाद्या मांगाने करायच्या. एकाच वस्तूच्या कामाचे तुकडे करून प्रत्येक तुकड्याला वेगळी जात आणि वेगळी पायरी दिलेली. बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, ती एका वहाणेत पाहायला मिळते.

हे काम कौशल्याचे नव्हते काय? बाभळीची साल आणि हिरडा वापरून कातडे कमावणे म्हणजे रसायनाचे ज्ञान आहे. किती दिवस भिजवायचे, पाणी केव्हा बदलायचे, कातड्याचा कोणता भाग तळाला आणि कोणता वर लावायचा, हे पिढ्यान्‌पिढ्या हातांनी जपलेले शास्त्र आहे. विहिरीतून पाणी काढणारी मोट चामड्याची होती. ती मोट नसती तर पाटलाचा मळा वाळून गेला असता. ज्या हातांमुळे गावाला पाणी मिळत होते, त्या हातांना गावाच्या पाणवठ्यावर मात्र बंदी होती.

आणि पायांचे काय? गावोगाव अस्पृश्यांनी सवर्णांच्या दारावरून, चावडीवरून, देवळावरून जाताना वहाणा काढून हातात घ्याव्यात, असा दंडक होता. वहाण शिवणाऱ्याने ती घालून मिरवू नये, ही या व्यवस्थेची अट होती. काटे, दगड, उन्हाने तापलेली धूळ आणि थंडीत पडलेल्या भेगा यांचा हिशेब कोणत्याही बखरीत नाही. अनवाणी राहणे म्हणजे नुसती गरिबी नव्हती. गरीब ब्राह्मण खडावा घालू शकत होता. अनवाणीपण हे हुकमाने लादलेले होते.

इंग्रजांनाही पायातल्या वस्तूचा हा अर्थ चांगला कळत होता. सरकारी दरबारात देशी लोकांनी जोडे काढून यावे, असा त्यांचा आग्रह असे. १८५४ साली कंपनी सरकारने सवलत दिली की, ज्यांच्या पायात युरोपियन पद्धतीचे बूट असतील त्यांनी ते घालून यावे. देशी जोडा घालणाऱ्याने मात्र तो बाहेरच काढायचा. म्हणजे पायातले पाहून माणसाची पायरी ठरवण्याची रीत इथे आधीपासून होती, ती साहेबाने स्वतःच्या सोयीने वापरली.

मालकाने निवडलेला बूट

१८७३ साली महात्मा फुल्यांनी 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अमेरिकेतल्या गुलामांना दास्यमुक्त करण्यासाठी झटलेल्या सदाचारी लोकांना अर्पण केली. शूद्रातिशूद्रांचे दुःख आणि तिकडच्या काळ्या गुलामांचे दुःख यांचे नाते तात्यासाहेबांनी तेव्हा ओळखले होते. ते नाते बुटापर्यंतही जाते.

अमेरिकेच्या दक्षिणेत कापसाच्या मळ्यांवर राबणाऱ्या गुलामांसाठी 'ब्रोगन' नावाचे जाडेभरडे जोडे बनत. ते बनत उत्तरेत, मॅसॅच्युसेट्समधल्या चांभारकामाच्या गावांत. मळेवाला ठोकात मागणी पाठवी. चामडे कडक, माप अंदाजाने, पुष्कळदा डाव्या-उजव्या पायाचा फरकही नसलेले. कोणता बूट घ्यायचा, हे तो मालक ठरवी. घालणाऱ्याला कोणी विचारत नसे.

फ्रेडरिक डग्लस यांनी १८४५ साली आपले आत्मकथन प्रसिद्ध केले. त्यात ते सांगतात की मोठ्या माणसाला वर्षाला बुटांचा एक जोड आणि मोज्यांचा एक जोड मिळे. शेतात कामाला न लागलेल्या मुलांना दोन्ही मिळत नसत. लहानपणी कडाक्याच्या थंडीत त्यांच्या पायांना अशा भेगा पडल्या होत्या की, ज्या लेखणीने ते लिहीत होते ती त्या भेगेत बसली असती. हेच डग्लस गुलामीतून निसटल्यावर पुढे काही वर्षे मॅसॅच्युसेट्समधल्या लिन या गावी राहिले. ते गाव बूट बनवण्यासाठीच प्रसिद्ध होते.

इथून एक गोष्ट लक्षात घ्या. घालणाऱ्याशिवाय दुसरा कोणी बूट निवडतो, तेव्हा तो सगळ्यात स्वस्त बूट निवडतो. कारण थंडी त्याच्या पायाला लागत नाही आणि खिळा त्याच्या तळव्यात घुसत नाही. मळेवाल्याचा हा हिशेब पुढे लष्करात, खाणीत, गिरणीत आणि महापालिकेच्या निविदेत आपल्याला पुन्हा पुन्हा भेटतो.

कानपूरचे कातडे, फ्लँडर्सचा चिखल

१८५७ नंतर इंग्रजांना लष्करासाठी खोगिरे, पट्टे आणि बूट हिंदुस्थानातच तयार करून हवे होते. त्यातून १८६० च्या दशकात कानपूरला सरकारी हार्नेस अँड सॅडलरी फॅक्टरी उभी राहिली आणि १८८० च्या दशकात कूपर ॲलन कंपनीचा मोठा बूट कारखाना आला. यंत्रे विलायतेची, मालक गोरे, आणि कातड्यात हात घालणारे मजूर मुख्यतः चर्मकार आणि मुसलमान. गावात ज्या कामामुळे विटाळ होत होता, त्याच कामावर साम्राज्याची फौज चालू लागली.

पहिल्या महायुद्धात या बुटांची परीक्षा झाली. १९१४ च्या सप्टेंबरअखेर हिंदी पलटणी फ्रान्समधल्या मार्सेय बंदरात उतरल्या. अंगावर उन्हाळी खाकी. काही आठवड्यांत त्या फ्लँडर्सच्या खंदकांत होत्या. गुडघाभर गार पाणी, चिखल, आणि तासन्‌तास एका जागी उभे राहणे. गोळी न लागताही माणसे जायबंदी होऊ लागली. पाय सुजायचा, बधिर व्हायचा, काळानिळा पडायचा आणि शेवटी कापावा लागायचा. या आजाराला 'ट्रेंच फूट' हे नाव पडले.

त्या आजारातून लष्करी डॉक्टरांनी जे धडे घेतले, ते आजही प्रत्येक कामगाराने माहीत करून घ्यावेत असे आहेत. पहिला धडा म्हणजे पाय खराब व्हायला बर्फ लागत नाही. पाणी गोठण्याच्या कितीतरी वर, पंधरा-सोळा अंशांतही, ओला पाय तासन्‌तास राहिला तर ट्रेंच फूट होऊ शकते. दुसरा धडा म्हणजे घट्ट बूट आणि पोटरीला आवळून बांधलेल्या पट्ट्या रक्ताचा प्रवाह अडवतात आणि नुकसान वाढवतात. तिसरा धडा म्हणजे नुसत्या जाड बुटाने काम भागत नाही. मोजे बदलणे, पाय पुसणे, रोज पाय तपासणे हा शिस्तीचा भाग असावा लागतो. ब्रिटिश फौजेत पाय तपासणे ही अधिकाऱ्यांची जबाबदारी ठरली. सैनिकाने स्वतः काळजी घ्यावी, एवढे सांगून वरिष्ठ सुटले नाहीत.

आता आपल्याकडे या. हिवाळ्यात नाशिक जिल्ह्यातल्या निफाडचा पारा राज्यात सर्वांत खाली गेल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. त्या थंडीत रात्री शेतात पाणी धरणाऱ्या मजुराचा, गटाराच्या पाण्यात उभ्या असलेल्या सफाई कामगाराचा पाय किती तास ओला असतो? त्याच्या पायाला चिखल्या झाल्या, बधिरपणा आला, तर त्याला आजार कोणी म्हणत नाही. ते त्याचे नशीबच समजले जाते.

पलटणीचा बूट

महार समाजाच्या इतिहासात पलटणीच्या बुटाला वेगळी जागा आहे. गावात वहाण हातात घेऊन चालणारा माणूस पलटणीत गणवेश आणि बूट घालून ताठ चालत होता. त्याला पगार होता, हुद्दा होता, त्याच्या मुलांना शाळा होती. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार याच पलटणीतले. १४ एप्रिल १८९१ ला बाबासाहेबांचा जन्म झाला तोही महूच्या लष्करी छावणीत.

आणि त्याच सुमारास, १८९० च्या दशकाच्या आरंभी, 'लढाऊ जमाती'च्या नावाखाली महारांची लष्करभरती इंग्रजांनी बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज तयार केला, शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली सरकारकडे निवेदन पाठवले. हा संघर्ष नोकरीसाठी होताच, पण तेवढ्यापुरता नव्हता. ज्या एका जागी आपल्या माणसाला वहाण काढ असे कोणी म्हणू शकत नव्हते, ती जागा हातातून गेली होती. १९१७ साली युद्धाची गरज पडली तेव्हा १११ वी महार पलटण उभारली गेली, आणि गरज संपल्यावर काही वर्षांतच मोडली गेली. कायमची महार रेजिमेंट उभी राहायला १ ऑक्टोबर १९४१ उजाडावा लागला. त्यामागे बाबासाहेबांचा आग्रह होता.

पण पलटणीतही बूट निवडणारा दुसराच असतो, हे विसरून चालणार नाही. १९६२ च्या युद्धात नामका चू नदीकाठी आपले जवान सुती गणवेश आणि कॅनव्हासचे बूट घालून हिमालयाच्या थंडीत उभे होते. बर्फात घालण्याचे बूट पुरेसे नव्हते. निर्णय दिल्लीत झाला आणि हिमदंश जवानाला झाला. पुढे फेब्रुवारी २०२० मध्ये संसदेत मांडलेल्या 'कॅग'च्या अहवालात सियाचीन, लडाखसारख्या उंच भागांतल्या सामग्रीच्या खरेदीवर ताशेरे आले. नोव्हेंबर २०१५ ते सप्टेंबर २०१६ या काळात बहुउपयोगी बूट न मिळाल्यामुळे जवानांना जुनेच बूट दुरुस्त करून वापरावे लागले, असे त्यात नोंदवले आहे. देशभक्तीची भाषणे करणाऱ्यांना आपण विचारले पाहिजे की, सीमेवरच्या बुटाचा हिशेब तुम्ही कधी मागितला?

दान नव्हे, नियम

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसा खाणींची पाहणी करायला गेले आणि प्रत्यक्ष खाणीत उतरून त्यांनी मजुरांचे काम पाहिले. जानेवारी १९४४ मध्ये कोळसा खाण मजुरांच्या कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. कारखान्यांतला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती १९४६ साली झाली. बाबासाहेबांची दृष्टी स्पष्ट होती. कामगाराची सुरक्षा मालकाच्या दयेवर सोडायची नाही, ती कायद्यात लिहायची.

ही दिशा पुढे कायम राहिली. १९५७ च्या कोळसा खाण नियमावलीत असे कलम आले की, संरक्षक पादत्राण घातल्याशिवाय कोणालाही खाणीत जाऊ द्यायचे नाही, आणि ते पादत्राण मालकाने विनामूल्य द्यायचे. किती साधा नियम आहे! पण त्याचा अर्थ मोठा आहे. बूट ही भेट राहिली नाही, तो कामाच्या अटीचा भाग झाला.

हाताने मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्धचा २०१३ चा कायदा आणि त्याखालचे नियम यांतही संरक्षक साधनांची यादी आहे. तिच्यात बुटासह अंगभर येणारा जलरोधक सूट आहे, हातमोजे आहेत, श्वसनाची साधने आहेत. तरी गटारात माणसे मरतात. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ च्या निकालात १९९३ पासूनच्या अशा प्रत्येक मृत्यूसाठी १० लाख रुपये भरपाई सांगितली आणि २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात ती ३० लाख केली.

इथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. काही ठिकाणी गमबूट आणि हातमोजे वाटपाचे फोटो काढून माणसाला गटारात उतरवणे रीतसर करून घेतले जाते. आपली मागणी तशी नाही. विषारी वायूपासून गमबूट वाचवत नाही. गटारात यंत्रच उतरले पाहिजे. जे काम माणसाने करायचे, रस्ता झाडणे, कचरा भरणे, उघडी नाली साफ करणे, बांधकाम, हमाली, फाउंड्री, शेती, त्या कामासाठी मात्र योग्य बूट हा हक्क आहे.

निवड कशी करायची

हक्क मागायचा तर वस्तूची पारख हवी. नाहीतर ठेकेदार देईल तो प्लॅस्टिकचा जोड घेऊन आपण सही करून मोकळे होतो. म्हणून थोडे तपशिलात जाऊ.

सर्वप्रथम धोका ओळखा. जड वस्तू पायावर पडण्याची भीती असेल तर पुढे टोपी असलेला सेफ्टी बूट हवा. त्यावर आयएसआय चिन्ह आणि आयएस १५२९८ हा क्रमांक आहे का ते पाहा. या मानकाच्या दुसऱ्या भागातल्या बुटाची टोपी २०० ज्यूलचा आघात सोसते, म्हणजे साधारण २० किलोचे वजन एक मीटरवरून पडले तर. खिळे, सळया, काचा असतील तर तळात खिळा न घुसणारा थर हवा. थंडीसाठी तळातून गारवा कमी शिरावा अशी वेगळी चाचणी असते. ती झालेल्या बुटावर सीआय ही इंग्रजी अक्षरे असतात. पाण्यात उभे राहायचे असेल तर चामडी बूट उपयोगाचा नाही, तिथे रबरी किंवा पीव्हीसीचा गमबूटच हवा.

लोखंडी टोपी थंडीत गार पडते आणि बोटे गारठतात. पहाटेच्या उघड्यावरच्या कामाला बिगरधातूची टोपी असलेला बूट मिळाला तर तो घ्यावा. जाड मोजा घालून मगच बूट घालून पाहावा. बूट घट्ट झाला तर मोजा कितीही जाड असो, पाय गार पडणारच, कारण बोटांभोवती हवा आणि रक्त खेळायला जागा राहत नाही. सुती मोजा ओला झाला की गार राहतो. लोकरीचा ओला झाला तरी थोडी ऊब देतो. एक जोड मोजे पिशवीत जादा ठेवा आणि जेवणाच्या सुट्टीत बदला. १९१४ च्या खंदकातला हा धडा फुकट मिळालेला नाही, त्यासाठी माणसांनी पाय गमावले आहेत.

माप संध्याकाळी घ्या, कारण दिवसभर उभे राहून पाय थोडा सुजतो. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा, मागे टाच वर न उचलणारी पकड. दोन्ही पायांत घालून चाला. महिला कामगारांना अनेकदा पुरुषांच्या मापाचे गमबूट दिले जातात आणि मग त्या ते घालत नाहीत, असा ठपकाही त्यांच्यावरच येतो. जो बूट पायात बसत नाही, तो दिलाच नाही असे समजून नव्याने मागितला पाहिजे.

टिकाऊपणा तळाच्या जोडात असतो. बाजारातल्या बहुतेक सेफ्टी बुटांचा पीयू तळ साच्यात ओतून थेट चिकटवलेला असतो. तो हलका असतो, पण झिजला की सहसा बदलता येत नाही. पीयू तळाचा आणखी एक दोष म्हणजे गोदामात वर्षानुवर्षे पडून राहिला तर हवेतल्या ओलाव्याने तो आतून कुजतो आणि पायात घातल्यावर काही दिवसांत भुगा होतो. म्हणून बनवल्याचा महिना-वर्ष पाहिल्याशिवाय घेऊ नका. महापालिकेच्या गोदामातून आलेल्या बुटाचे तर नक्कीच पाहा. याउलट शिवलेल्या तळाच्या बुटात वरचे चामडे आणि तळ यांच्यामध्ये चामड्याची पट्टी शिवलेली असते. तळ झिजला की चांगला कारागीर तो उसवून नवा लावतो. चामडेही पाहा. बूट वाकवला की बारीक सुरकुत्या पडून परत सरळ होणारे चामडे चांगले. वर प्लॅस्टिकसारखा लेप असलेले चामडे वाकवल्यावर तडकते.

ओला बूट चुलीजवळ किंवा हीटरजवळ वाळवू नका, चामडे कडक होऊन फुटते. आत वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत ठेवा. दोन जोड असतील तर आलटूनपालटून वापरा.

आता पैशाचा हिशेब. समजा ५०० रुपयांचा जोड चार महिने टिकतो. तीन वर्षांत नऊ जोड, म्हणजे ४,५०० रुपये. समजा शिवलेल्या तळाचा बूट २,२०० रुपयांना आला आणि तीन वर्षांत दोनदा ४०० रुपये देऊन तळ बदलला, तर खर्च ३,००० रुपये. गरिबाला जास्त खर्च येतो, कारण एका दिवशी २,२०० रुपये त्याच्या हातात नसतात. याला काटकसरीचा उपदेश हे उत्तर नाही. युनियनने, बचत गटाने, मंडळाने एकत्र खरेदी करून हप्ते बांधून देणे हे त्याचे उत्तर आहे. आणि जिथे बूट देणे मालकाचे काम आहे, तिथे स्वतःचा पैसा घालायचाच नाही.

'चामड्याचा विषय कशाला?'

काही तरुण विचारतील, ज्या कामाचा कलंक आपण झुगारला, त्या चामड्याची चर्चा पुन्हा का करायची? प्रश्न रास्त आहे. १९२७ च्या महाड परिषदेच्या काळात बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढणे आणि मृत मांस खाणे सोडायला सांगितले. लादलेले, अपमानाचे काम सोडा, असे ते सांगत होते. पण कौशल्यात लाज आहे असे त्यांनी कधी मानले नाही. लाज जबरदस्तीत होती.

उत्तर भारताचा इतिहास पाहा. कानपूरच्या चामड्याच्या कारखान्यांतल्या कामगारांत स्वामी अछूतानंदांच्या आदि हिंदू चळवळीचा पाया रुजला. जालंधरच्या बूटा मंडीत चामड्याच्या व्यापारातून पुढे आलेल्या कुटुंबांनी मंगूराम यांच्या आद धर्म चळवळीला बळ दिले. आग्र्याच्या जाटव कारागिरांनी बूटधंद्याच्या जोरावर संघटना उभारल्या, आणि त्याच आग्र्यात पुढे आंबेडकरी विचार घट्ट रुजला. म्हणजे जिथे कारागिराच्या हातात थोडा पैसा आणि बाजार आला, तिथे स्वाभिमानाची चळवळही उभी राहिली.

पण त्याच आग्र्यात 'पर्ची'ची रीतही होती. व्यापारी माल घेऊन रोख पैशांऐवजी पुढच्या तारखेची चिठ्ठी देई. कारागिराला आजच्या भाकरीसाठी ती चिठ्ठी कापून घेणाऱ्याकडे कमी पैशांत विकावी लागे. कौशल्य आपले, भांडवल दुसऱ्याचे, नफा तिसऱ्याचा. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण मानांकनाचा फायदा कारागिराच्या घरापर्यंत किती पोहोचला, हे विचारत राहिले पाहिजे. तळ बदलून देणाऱ्या नाक्यावरच्या कारागिराशी दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस करणारा आणि मॉलमध्ये लिहिलेली किंमत मुकाट देणारा तरुण आपल्यातलाही असतो. त्याने याचा विचार करावा.

काय मागायचे

आपल्या गावात, प्रभागात, कारखान्यात पुढच्या बैठकीला हे मुद्दे घेता येतील.

महापालिका आणि नगरपालिकेकडे माहिती अधिकारात विचारा की, गेल्या तीन वर्षांत सफाई कामगारांसाठी किती बूट खरेदी झाले, कोणत्या मानकाचे, कोणत्या दराने, आणि कायम व कंत्राटी कामगारांत वाटप कसे झाले. निविदेत फक्त 'गमबूट' असा शब्द असेल तर मानकाचा क्रमांक, महिलांची मापे, बनवल्याची तारीख आणि थंडीसाठी मोजे यांचा समावेश करण्याची लेखी मागणी करा. खरेदी समितीत कामगारांचे प्रतिनिधी असावेत, असा आग्रह धरा. साखर कारखान्यांनी उचल देताना कोयत्यांची संख्या मोजली, तशीच तोडणीला येणाऱ्या प्रत्येकाच्या पायाचीही जबाबदारी घ्यावी, अशी मागणी हंगामाआधी करा. आणि कुठे कोणी आपल्या माणसाला वहाण काढायला लावली, तर समजुतीने मिटवू नका. २०१६ पासून लागू असलेले कलम दाखवा आणि गुन्हा नोंदवा.

चौकाचौकातला बाबासाहेबांचा पुतळा पाहा. सूट आहे, हातात संविधान आहे आणि पायात बूट आहेत. ज्या समाजाला हजारो वर्षे अनवाणी ठेवले, त्या समाजाच्या नेत्याच्या पायातले बूट शिल्पकाराने नुसत्या सजावटीसाठी घातलेले नाहीत. त्या पुतळ्याला हार घालणाऱ्या सफाई कामगाराच्या पायात जर फाटका गमबूट असेल, तर आपले काम अजून बाकी आहे.

जय भीम!